मेहुण्याच्या हिरड्या

आमच्या अर्नाळ्याच्या मेहुण्याचं तुम्हाला सांगितलं का? दात हलायला लागला म्हणून त्याला डेंटल कॉलेजात नेलं. शिकाऊ मुलगी म्हणाली, “रक्त येत नाही, हिरड्या चांगल्या आहेत.”

तिच्या मॅडमनी मेहुण्याला विचारलं, “विडी ओढता?”

“मिसरूड फुटायच्या आधीपासून.”

मॅडमनी बारीक सळई दाताच्या कडेने घातली. ती हिरडीत खोल गेली. मुलीचा चेहरा उतरला.

“विडीने रक्त दबतं, आजार लपतो,” मॅडम म्हणाल्या. “सोडा, नाहीतर सगळे दात जातील.”

हिरड्या साफ करून घेऊन आम्ही परतलो. महिन्याने मेहुणा घाबरून पुन्हा खुर्चीत. “आता पानी तोंडात घेतलं तरी रक्त येतं.”

त्याच मुलीने नीट पाहिलं आणि हसली. “काका, विडी सोडलीत ना?”

मेहुण्याने लाजत मान डोलावली. ते त्याने बायकोलाही सांगितलं नव्हतं.