रश्मीचा नंबर आला तवा

माहेर माहं तुमसरचं. तिथं जवळच मँगनीजची खाण, माहे बाबा त्या खाणीत होते अन् आई घरी बिड्या वळे. लग्न होऊन इकडं रायपूरले आली, कारण हे रेल्वेत होते, ऑफिसात बाबू. तवा इथं मध्य प्रदेशच होता, छत्तीसगड राज्य मागून झालं. आधी रेल्वेच्या क्वार्टरमधी राहिलो, मग हे तात्यापाऱ्यातलं घर घेतलं. इकडं मराठी माणसं आहेत, विहार जवळ आहे, म्हणून घेतलं. पोट्टी एकच, रश्मी. तिच्या आधीचं एक लेकरू राहिलं नाई. ते जाऊ द्या.

आता याइचं, रश्मीच्या पापाचं, सांगते, म्हणजे तुम्हाले पुढचं समजन. याइचे बाबा दुसऱ्याच्या वावरात राबले, अंगठा लावत. हे कंदिलात शिकले अन् रेल्वेत लागले, तं याइले एकच गोष्ट समजे, शिकणं अन् नोकरी, नोकरी अन् शिकणं. रश्मी बँकेत लागली तं याइनं विहारात सगळ्याइले पेढे वाटले, भंतेजीच्या पाया पडले, अन् घरी आल्यावर मोरीत तोंड धुवाले गेले ते किती वेळ बाहेरच आले नाई. मी समजली, रडून राहिले म्हणून. आमच्या दोन्ही घरातली अशी नोकरी करणारी ती पहिली पोट्टी. अन् तिनं ती नोकरी सोडली.

काहून सोडली तं गाण्यासाठी. सिनेमातलं गाणं नाई, स्वतःच लिहायचं, स्वतःच गिटारवर बसवायचं. अर्धं हिंदीत, अर्धं छत्तीसगडीत. हे काही गाण्याच्या विरोधातले नव्हते बरं का, बाबासाहेबाच्या जयंतीले ढोलक याइच्याच गळ्यात राहे. पण म्हणत, ते समाजाचं काम होय, हे काय होय. ओरडले नाई, हात उगारला नाई. बोलणंच सोडलं. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन, तिच्यासंगं बोलणं बंद. मले म्हणत, तिले सांग जेवून घे म्हणा. ती तिथंच बसलेली राहे. ती म्हणे, मम्मी, पापा से कहो मैंने खा लिया. मी मधात. पोळ्या लाटता लाटता मी इकडचं तिकडं अन् तिकडचं इकडं सांगून राहिली. असं बरेच दिवस चाललं, वर्षच समजा.

मग तो कार्यक्रम निघाला. नव्या रायपूरच्या तिकडं, मोकळ्या मैदानात, शनवार-रयवार. तिच्यासारख्या पोट्ट्या-पोट्ट्याइनंच जमवला होता, मोठी कंपनी नाई, नेता नाई, म्हणूनच तर त्याइले थंडीतलं मैदान भेटलं नाई. मे महिना. मी रश्मीले म्हटलं, बाई, या उन्हात कोण येईन गाणं ऐकाले. म्हणे, आएंगे मम्मी, तुम देखना. मी म्हटलं मी येते. तसे हे पेपरातून डोकं वर न करता मले म्हणतात, तू एकटी कशी जाशीन, मी येतो. मले वाटलं, चला, बर्फ वितळला. मनातल्या मनात मी बाबासाहेबाच्या फोटोले हात जोडले.

तुम्ही नवं रायपूर पाहिलं ना. रस्ते असे रुंद की पलीकडचा माणूस ओळखू येत नाई, अन् सावली म्हणाल तं नावाले नाई. झाडं लावलेले, पण कमरेइतके. शनवारी गेलो, तं लोखंडी खांबावर बांधलेलं स्टेज, त्याच्यापुढं हिरवी जाळी ताणलेली, तिच्याखाली बसायचं. भोंगे एवढाले की गाणं कानानं नाई, छातीतूनच ऐकू ये. अन् पोट्टे-पोट्ट्या खरंच आले हो, बिलासपूर, भिलाई, कुठून कुठून. काळे टीशर्ट, रंगवलेले केस, दंडावर गोंदलेलं. हे एका कोपऱ्यात खुर्ची घेऊन बसले, पांढरा शर्ट, डोक्यावर दुपट्टा, तोंड रस्त्याकडं. स्टेजकडं पाठ. संध्याकाळी घरी आलो. मी विचारलं, कसं वाटलं. म्हणे, गरम.

रयवारी रश्मीचा नंबर होता, दुपारी चारचा. नावाजलेले संध्याकाळी गातात, गार झाल्यावर, अन् नव्याइले ऊन. त्या दिवशी तं हवाच थांबली होती. जाळीखाली बसून अंगातून पाणी निथळे, अन् भोंग्याचा दणका सुरूच. पाणी होतं, सरबत होतं, औषधाचा तंबू होता, तिथं एक डॉक्टरीण पोट्टी बसलेली. त्याइनं सगळं केलं होतं, मी नावं नाई ठेवत. पण उन्हाले कोण आवरणार.

तीन वाजून गेले असतीन. हे उठले. मले म्हणतात, येतो मी, पाणी पिऊन. फोन माह्याजवळ दिला, म्हणे खिशात गरम होते. मी म्हटलं लवकर या, तिचा नंबर येऊन राहिला. याइनं मान हलवली की नाई, आता आठवत नाई.

एक पोट्टा गाऊन उतरला, दुसरा चढला. हे आले नाई. मी पाण्याच्या टाकीजवळ गेली, नाई. खाण्याच्या दुकानाइकडं गेली, नाई. संडासाकडच्या माणसाले म्हटलं, भैया, आतमधी पाहा जरा, त्यानं आवाज दिला, नाई. मले तवा वाटे, त्या काळ्या टीशर्टाइमधी एक पांढरा शर्ट दिसाले किती वेळ लागते. पण पांढरं काही दिसलं की धावत जायचं अन् तिथं पोतं निघे, नाईतर फलक. वरून तो दणका, आवाज दिला तं माहा मलेच ऐकू येत नव्हता. याइले बीपी, सकाळची गोळी घेतली होती का नाई ते बी मले सांगता येईना. घशाले कोरड पडली होती, पण पाणी प्यावं हे सुचलंच नाई.

कुंपणाजवळ एक बाई झाडून राहिली होती, गावातली. तिले विचारलं. म्हणे, हव दाई, एक झन डोकरा ओती डहर गे हे. एक म्हातारा तिकडं गेला म्हणे, अन् तिनं झाडू उचलून दाखवलं तं बाहेरचा रस्ता. आत नाई, बाहेर. त्या रस्त्यावर पाहिलं तं नुसती वाफ हलून राहिली होती, माणूस नाई.

तितक्यात मागून भोंग्यावर रश्मीचं नाव आलं. टाळ्या पडल्या. आता तुम्ही सांगा, मी काय करावं. सांगितलं तं पोट्टीचं गाणं जाते, ज्याच्यापायी नोकरी गेली, बापाचं बोलणं गेलं. नाई सांगितलं तं. मी अजून एकदा रस्त्याकडं पाहिलं. मग गेली. स्टेजच्या मागून शिडी होती, तिथं कोणी तरी म्हणे, आंटी, इधर से नहीं. मी म्हटलं, सरक. अन् चढली. रश्मी गिटार गळ्यात घालून माइक पुढं ओढून राहिली होती. मले पाहून तिचं तोंडच उतरलं. मी कानात सांगितलं, पापा सापडून नाई राहिले, उन्हात बाहेर गेले.

ती तशीच वळली. माइकवर बोलली, सारं बंद करा, माहे पापा हरवले, वय झालेलं, पांढरा शर्ट, ज्याच्याजवळ गाडी आहे त्यानं बाहेरच्या रस्त्यावर जावं. हे हिंदीत बोलली, आवाज साफ, थरथर नाई. अन् मग, काय सांगू तुम्हाले, मराठीत बोलली. शाळेत गेल्यापासून ती आमाले हिंदीतच उत्तर दे. म्हणे, पापा, मी रश्मी बोलून राहिली. तुमाले ऐकू येत असन तं आता चालू नोका. जिथं असान तिथं सावली पाहून बसा. मी येतो आहे, नाई, येते, मी येऊन राहिली. अशी अडखळली. तेच तीनदा-चारदा बोलली. भोंगे बंद झाले तवा मले पहिल्यांदा जनरेटरचा आवाज ऐकू आला.

अन् ते पोट्टे हो, गोंदवलेले, रंगवलेले, ज्याइले पाहून हे नाक मुरडत, ते सारे गाड्याइवर पळाले. कोणी इकडं, कोणी तिकडं. रश्मीनं गिटार खाली ठेवली अन् कोणाच्या तरी मागं बसून गेली. मी औषधाच्या तंबूत. डॉक्टरीण मले पाणी पाजून राहिली अन् मी रस्त्याकडं पाहून राहिली. तो वेळ मी कसा काढला ते माहं मले माहीत.

सापडले ते नालीच्या पुलाजवळ. नव्या राजधानीचा मोठा थोरला फलक आहे तिथं, त्याची हातभर सावली पडलेली, तिच्यात पाय दुमडून बसलेले. अंग तव्यासारखं अन् घाम नाई. रश्मीले ओळखलं नाई, तिले रेल्वेतल्या मोठ्या साहेबाचं नाव घेऊन हाक मारून राहिले, म्हणे फाइल उद्या देतो. आणलं तवा डॉक्टरणीनं चादरी भिजवून गुंडाळल्या, सरबतवाल्याजवळचा सारा बर्फ काखेत अन् मानेजवळ लावला, अन् अँबुलन्समधी स्वतः संगं बसली. मी एका बाजूनं, रश्मी एका बाजूनं. ती पूर्ण रस्ता याइचा तळवा चोळून राहिली. समता कॉलोनीतल्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, अजून चालले असते तं आणायचं काम पडलं नसतं.

शुद्धीवर आले दुसऱ्या दिवशी. मी विचारलं, कुठी चालले होते तुम्ही. पहिले म्हणे पाणी आणाले. मी म्हटलं पाणी तं आतच होतं. मग खरं बोलले. म्हणे, मी घरी चाललो होतो. तिले तिथं उभी पाहाची हिंमत नाई झाली. लोक हसले असते तं. मी म्हटलं, अन् मग बसले काहून. म्हणे, आवाज आला तिचा, बसा म्हणून, मी बसलो.

रश्मी दारात उभी होती, तिनं ऐकलं का नाई ते मी कधी विचारलं नाई. आत आली अन् म्हणे, मोसंबीचा रस घेता का. अन् हे तिच्याकडं पाहून म्हणे, साखर नोको टाकू. मी पिशवी उचलली अन् बाहेर जाऊन बसली. मधात सांगायचं काम माहं त्या दिवशी सुटलं.

आता बरे आहेत. जीभ थोडी जड झाली, चालतात हळू. उन्हात निघाची मनाई आहे, म्हणून सदर बाजारचं सामान मीच आणते. रश्मीचं गाणं त्या दिवशी गेलं ते गेलंच. मग तिले दुसरीकडं बोलावलं, एक-दोन ठिकाणी गाऊन आली, सकाळी पोट्ट्याइच्या शिकवण्या घेते, चालून राहिलं. बँकेचं दुःख याइच्या मनातून गेलं असं मी म्हणणार नाई, जयंतीले कोणाचा पोट्टा नोकरीले लागल्याचं ऐकलं की हे गप होतात. माणूस आहे.

हे ऐका, आतल्या खोलीतलं. ती गाणं बसवून राहिली अन् हे पलंगावरून म्हणून राहिले, ठेका चुकला, इथं थांबाले पाह्यजे. ती म्हणे, पापा, आपको नहीं समझता. हे म्हणतात, मी ढोलक वाजवलं तवा तू जन्मली नव्हती. आता हे जेवणापर्यंत चालन, रोजचंच आहे, माहं डोकं उठते. पण मी आत जाऊन सोडवत नाई. भांडू द्या. दोघंही खूप जगो अन् असेच भांडत राहो.