‘सतत गैरहजर’

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणारे आपले मुख्याध्यापक सर, शिक्षकवर्ग आणि मुलामुलींनो,

मी ग्रंथालयातली शिपाई. मालक गेल्यावर शाळेनं मला नोकरी दिली. पुस्तकांवरची धूळ पुसता पुसता मी वाचायला लागले. हे उपकार मी विसरणार नाही.

सरांच्या शिस्तीबद्दल सगळेच बोलले. मी एकच नियम सांगते. आजारपणाचा दाखला विद्यार्थ्यानं स्वतः आणून द्यायचा, पालकांच्या हातून चालणार नाही. आईबाप खोटे दाखले आणतात, असं सर म्हणत. आणतातही. मी पाहिलेत.

माझी मुलगी नववीत होती. दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दाखला द्यायला ती दोन मजले चढली. चार वेळा पायरीवर बसली. सरांनी आधी कागद पाहिला, मग तिला.

“चालत आलीस ना? मग आजारी कसली? जा, वर्गात बस.”

मी हात जोडले. सर म्हणाले, “बाई, एकीला सवलत दिली की उद्या चाळीस जणी मागतील.”

तेव्हा विचारायचं धाडस झालं नाही. आज विचारते. चाळीस जणींनी काय मागितलं असतं, सर? तो आजार?

मुलगी वर्गात बसली. त्या दिवशी विज्ञानाची चाचणी होती, तीही दिली. वीसपैकी सतरा मिळाले. पेपर वाटले तेव्हा घ्यायला ती नव्हती.

ती चार तारखेला गेली. सहा तारखेला सर आमच्या घरी भेटायला आले, पाच मिनिटं बसले. माणुसकी आहे, नाही कोण म्हणतं? पुढं वार्षिक तपासणी होती, हजेरीची टक्केवारी दाखवायची होती. पंधरा तारखेला जनरल रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढं नोंद झाली: ‘सतत गैरहजर. नाव कमी केले.’ खाली सरांची सही. अक्षर फार सुरेख आहे.

आज सकाळी मी केबिनमध्ये गेले. म्हटलं, “सर, कारण तेवढं बदला. मयत लिहा.”

“आता काय फरक पडतो, बाई?”

पडतो. डायलिसिसचे दिवस सोडले, तर पायात बळ होतं तोवर तिनं एक दिवस बुडवला नाही. शाळेच्या पुस्तकात ती कायमची दांडीबहाद्दर राहायला नको. म्हणून मी रजिस्टरच इथं आणलंय. सर संध्याकाळपर्यंत मुख्याध्यापक आहेत, आजच्या तारखेला त्यांची सही चालते. हेडक्लार्कना विचारलंय.

काय म्हणालात, सर? मागच्यांना ऐकू गेलं नाही. सर विचारताहेत, मृत्यूचा दाखला जोडलाय का.

जोडलाय. तो मात्र मीच आणला. तिला जमलं नाही.

अध्यक्ष महोदय, माझी वेळ संपली, घंटी ऐकली मी. बोलू दिलंत, आभारी आहे. शिकलेली नाही, कमीजास्त बोलले असेन तर मोठ्या मनानं माफ करा. आणि फोटोवाले दादा, जरा बाजूला व्हा. फोटो नंतर. आधी सरांना सही करू द्या.