एका बोटाचा आधार

दवाखान्याच्या रांगेत माझ्यापुढे सासू-सून उभ्या होत्या.

“आई, दंड धरू का?”

“नको. धरलंस की मी तुझ्यावर रेलते आणि पाय आळशी होतात.”

“आजारातून आत्ता उठलाय. पडलात म्हणजे?”

“तुझ्या खांद्याला एक बोट लावते. भार नाही टाकत. जरा कलले की बोटाला कळतं, मग पाय आपोआप सावरतात.”

“आणि मी हलले तर?”

“खांबासारखी उभी राहा. तेवढं तुला जमेल.”

“आजारपणात जीभ मात्र शाबूत राहिली हो तुमची.”

“तिच्यावरच तर उठले.”

रांग पुढे सरकली. दोघीही सरकल्या.

“आई, नीट टेकवा ना बोट. मला जाणवतच नाहीये.”

“मागे वळू नकोस. मघाशीच काढलंय.”