खेकड्यानं फोडलेली ताल

ताल खेकड्यानं फोडली न्हाई, म्या फोडली. हे आधीच सांगतो, म्हंजी पुढचं सांगताना जीभ अडायची न्हाई.

आमचं गाव शिरूर तालुक्यातलं, माळरानाचं. बापाची सात जनावरं, माझीबी तेवढीच, चराईला एकच माळ. तवा सरकारी सायब यायचे, उताराला आडवे बांध घाला, माती अडवा, थोडं रान चराईला बंद ठेवा म्हणायचे. आम्ही पारावर बसून हसायचो, सायब, गाईला काय सांगू, चातुर्मास धर म्हणू?

शेजारच्या हुसेनमामा शेखांनी मात्र ऐकलं. नवरा-बायकोनं डोक्यावर पाट्या वाहून रानाला ताल घातली, ताल म्हंजी तोच आडवा बांध, वर गवत राखलं. काय सांगू तुम्हाला, माझ्या गाईंची ओढ्याची वाट त्या तालीनं अडली, वळसा पडायला लागला, तेवढ्यासाठी एका दुपारी म्या कुदळीनं हातभर खिंड पाडली. पुढं मोठा पाऊस झाला, खिंडीतनं पाणी घुसलं आन् मामांची उगवलेली बाजरी मातीसकट ओढ्यात गेली. मामा चिखलात उभे. कशानं फुटली रं? मी म्हणालो, खेकड्यानं पोखरली असंल. लई दांडगा खेकडा दिसतोय, म्हणाले, आन् पाटी उचलून पुन्हा माती टाकाया लागले.

दोन वर्सांनी दुस्काळ पडला. माळावर काडी न्हाई. माझी कपिला गाय दौंडच्या बाजाराला विकाया न्यावी म्हटलं, तर ती जाग्यावरनं उठंना. सकाळीच मामा दारात, डोक्यावर वाळल्या गवताचा भारा. घाल तिला, तालीवरचं हाय. नको कसं म्हणू? रोज एक भारा, आठव्या दिवशी गाय उभी राह्यली. सायबांच्या बोलण्यानं जे झालं न्हाई ते त्या भाऱ्यानं झालं. मी तिच्या पाठीवर हात ठेवून रडलो, पण मामांना खरं सांगायला जीभ उचलली न्हाई.

पुढल्या उन्हाळ्यात म्या माझ्या रानात ताल घालाया घेतली. मामा न बोलावता आले, माझ्याबरोबर माती चोपाया लागले. हसून म्हणाले, नीट चोप रं, आपल्याकडं खेकडं लई.

माझ्या हातातला माती चोपायचा धुमस गळाला. त्यांच्या मातीच्या पायांवर डोकं ठेवलं आन् म्हणालो, मामा, तो खेकडा मीच व्हतो, मला माफ करा.