हातावरची तुपाची धार

...तूप बंद केलं माहं, अन् काऊन? तं रक्तात चरबी आहे म्हणे! आता तुम्हीच पाहा माह्याकडं. हाताच्या काड्या, गालाचे खड्डे, धोतराले दोन वेढे जास्त मारले तरी घसरते. चाळीस वर्ष वर्ध्याच्या कापूस बाजारात गाठोडे तोलले मी, पण मलेच पारड्यात बसवलं असतं तं काटा झोपेतून उठला नसता... अन् चरबी कुठं, तं रक्तात! तुम्हाले सांगतो, अंगावर असती तं चार लोकाले दाखवली असती, मिरवली असती. आतल्या आत ठेवून काय कराचं?

झालं काय, दिवाळीनंतर स्टेशनचा पूल चढून राह्यलो, तं छातीत कोणीतरी चिमटा काढला. मी गर्रकन मागं पाह्यलं, म्हटलं कवडू असंल, लहानपणापासून माह्या वाटेले जाणारा तोच एक... तं मागं कोणीच नाई. पंचफुला, म्हणजे आमची मालकीण, तशीच मले धरून डॉक्टरकडं घेऊन गेली. डॉक्टर तरणा, नवीन नवीन पुस्तकं वाचणारा. त्यानं रक्त काढलं, नागपूरले धाडलं. मी इथं गावात, सिंदी मेघेतच, अन् माहं रक्त रेल्वेत बसून नागपूर पाहून आलं! आठ दिवसानं कागद आला. त्यावर एक इंग्रजी नाव, मालगाडीएवढं लांब. मी चौथी पास, दुसऱ्या डब्यातच उतरलो.

डॉक्टर नाकातून बोलते, "नानाजी, नळीत गाळ बसतो ना, तशी ही चरबी बसते. वाळक्या माणसालाही होतं. तूप बंद, मटण बंद, तळण बंद, बिडी बंद. ज्वारीची भाकर, पालेभाजी, वरण, जवसाची चटणी खा, अन् रोज दोन मैल चाला. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त पाहू."

म्हटलं, नाई ऐकलं तं?

"तर पुढच्या वेळी चिमट्यावर भागणार नाही."

मी हसलो. पंचफुला नाई हसली. घरी आली अन् तुपाची बरणी माळ्यावर ठेवली, अन् शिडी उचलून शेजारच्या तानाबाईच्या घरी देऊन आली. रक्तात चरबी म्हणे... अन् घरात शिडी नाई!

मंग काय, चालाले लागलो. पहाटेचं धुकं, दोन्हीकडं फुटलेला कापूस, कुठं धुकं संपते अन् कुठं कापूस सुरू होते समजत नाई, पाय आपलेच पण कोणी दुसरा टाकून राह्यला असं वाटे... अन् दुपारी बाजेवर पडलो का डोळे मिटाच्या आतच सपन. धाम नदीले पूर आला, पण पाणी नाई, तूप! पिवळं, रवाळ, हळूहळू वाहून राह्यलेलं. काठाच्या गोवऱ्यांवर कणकीचे रोडगे फुलून राह्यले, अन् मी कमरेइतक्या तुपात उभा, हातात एक रोडगा, आता बुडवतो, आता बुडवतो... तं पंचफुला हलवते, "उठा जी, भाकर झाली." नदी गेली, काठ गेला, समोर जवसाची चटणी!

अन् त्यात कवडूच्या नातीचं लगन. आमच्याकडं पंगतीत नाई म्हणाचं असंल तं पानावर हात आडवा धरतेत, अन् तेवढ्यानं वाढपी मागं फिरला तं यजमानाची इज्जत गेली. मंग धार कुठं सोडाची? हातावर! हा रिवाज इमानदारीनं पाळला कोणी, तं म्या. तुपाचा तांब्या नेहमी माह्याचकडं, भल्याभल्याले कोपरापर्यंत न्हाऊ घातलं. आता मीच पानावर दोन्ही हात धरून बसलो तं सारी पंगत खूश. बंडूजी मास्तर चष्मा वर करून म्हणे, "नानाजी, आज कोणतं सोंग?" कोण भरोसा ठेवंल हो? मागं आष्टीच्या बाजारात मीच निरोप धाडला होता का नानाजी गेला. पाहुणे रडत आले, तं मी अंगणात विड्याचं पान लावून राह्यलो होतो. त्या माणसानं म्हणाचं, रक्तात चरबी आहे! लोक पोट धरून हसले.

कवडू खुद्द तांब्या घेऊन आला. वाकला. तुपाचा थेंब काठावर येऊन थरथरून राह्यला, अन् काय सांगू, सपनातल्या नदीचा वास आला मले... बोटं आपोआप फाकाले लागली. तिकडं बायकांच्या पंगतीत पंचफुलाचा घास हातातच थांबला. मी खालच्या आवाजात म्हटलं, "कवडू, या खेपी खरं आहे. मले मराचं नाई रे."

कवडूनं माह्या तोंडाकडं पाह्यलं. तांब्या सरळ केला, अन् माह्याजवळच बसला. म्हणे, "मागच्या साली पानावर हात धरून मीबी खरंच सांगत होतो, नान्या. तू कोपरापर्यंत ओतलं."

"तुलेबी?"

"दोन वर्ष झाले."

"मंग बोलला काऊन नाई?"

"तुले सांगून? गावभर नकला केल्या असत्या तू."

केल्या असत्या, खोटं काऊन बोलू? त्या दिवशी कोरडी पोळी खाल्ली. अर्धी मोडून कवडूले देली.

तवापासून आम्ही दोघं संगंच चालतो. दोन मैल नुसती तुपाची गोष्ट! तो म्हणे, घे गड्या आणखी एक पोळी. मी म्हणतो, वाढ लेका, हात काढला पानावरून. धुक्यात पंगत बसते, धुक्यातच उठते, अन् तिथं कोणाच्याच रक्तात चरबी नाई.

तीन महिन्यानं पुन्हा रक्त नागपूर पाहून आलं. चरबी उतरली! पंचफुलानं पदर डोळ्याले लावला. मी डॉक्टरले इचारलं, आता तूप कधी?

म्हणे, "आता कायमचं हेच. असेच राहिलात तर वीस वर्षं सहज काढाल."

वीस वर्ष! अहो, खून केला असता तं जन्मठेपीतूनबी चौदा वर्षात सुटलो असतो.