चौऱ्याऐंशीव्या पानावर थांबलेला लाइनमन

मंडळी, ऐका! आज एक साधा सवाल घेऊन तुमच्यापुढं उभा आहे. 'मी हे पुस्तक वाचलं' असं माणसानं कधी म्हणावं? तुम्ही म्हणाल, बुवा, हा काय सवाल झाला! शेवटचं पान उलटलं, झालं वाचून! ताट रिकामं झालं, झालं जेवून! बरं. पण जेवलेलं अंगी लागलं का, हे रिकाम्या ताटाकडं बघून कळतं होय? नाही ना? मग टाळकरीबुवा, जरा हात थांबवा, आणि शेलगावची गोष्ट ऐका.

शेलगावात वाचनालय आहे. एक खोली, चार कपाटं, आणि विजयाताई बोडके नावाच्या ग्रंथपालबाई. या बाईंनी एक फार गोड रीत पाडली. महिन्याच्या शेवटच्या रविवारी, दुपारी चारला सगळ्या वाचकांनी जमायचं आणि महिनाभरात काय वाचलं, कसं वाटलं, ते पाच मिनिटांत सांगायचं. कुणी विद्वान नव्हे हो! तुमच्या-आमच्यासारखी माणसं! पण काय बोलायची! पिठाच्या गिरणीवाल्या शकुंतलाबाई उठायच्या — "पुस्तक बरंय, पण नायिका दोनशे पानं नुसती रडते. मी असते तर दहाव्या पानावर बॅग भरली असती!" आहे का कुण्या समीक्षकाची हिंमत, इतकं स्वच्छ बोलायची?

आणि निकाळजे गुरुजी! निवृत्त हेडमास्तर. महिन्याला पाच पुस्तकं, कमी नाही. हातात कागद, कागदावर मुद्दे, मुद्द्यांना आकडे.

याच बैठकीत मागच्या बाकावर बसायचा धोंडीराम खराडे. एकतीस वर्षं विजेच्या खांबांवर काढलेला लाइनमन. निवृत्त झाला, बायको आधीच देवाघरी गेलेली, लेक सासरी. घर खायला उठायचं, म्हणून वाचनालयात येऊन बसायचा. विजयाताईंनी त्याच्या हातात एक पुस्तक ठेवलं. एका म्हाताऱ्या नर्सबाईनं लिहिलेली स्वतःची हकीकत. म्हणाल्या, "खराडेदादा, सोपं आहे. वाचून बघा."

पहिल्या बैठकीत त्याची पाळी आली. उभा राहिला. "चौऱ्याऐंशी पानं झाली. पुस्तक चांगलंय." बसला.

दुसऱ्या महिन्यात — "चौऱ्याऐंशी पानं झाली."

अहो, तिसऱ्या महिन्यातही चौऱ्याऐंशीच! आता मात्र खोलीत खसखस पिकली. निकाळजे गुरुजी चष्म्यावरून बघत म्हणाले, "काय खराडे, चौऱ्याऐंशीव्या पानावर लाइन गेली काय?"

हशा! तुम्हीही हसलात! हसा, हसा. पण धोंडीराम हसला नाही. त्यानं मान खाली घातली. गुरुजी गंमत करत होते, त्यांना काय ठाऊक? पण शब्द नेमका लागायचा तिथं लागला.

काय होतं त्या पानावर? नर्सबाईंनी लिहिलं होतं, की तरुणपणी त्यांच्या हातून एका रोग्याला चुकीचं इंजेक्शन गेलं. रोगी वाचला, पण ठपका बसला हाताखालच्या शिकाऊ मुलीवर. तिला घरी पाठवलं. बाई गप्प राहिल्या. आणि पुढं एक वाक्य होतं — 'त्या मुलीचं नाव मी कधी कुणाला सांगितलं नाही, कारण तिचं नाव सांगायचं तर पाठोपाठ माझं सांगावं लागलं असतं.'

बस्स! इथं धोंडीरामचे डोळे अडकले. पान उलटायला बोट उचलेना!

कारण त्याच्याही पोटात एक नाव होतं. अंबादास लोहार!

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. उन्हाळा, गावात लग्न, आणि वीज गेलेली. खाली डीपीच्या, म्हणजे फ्यूजच्या पेटीपाशी धोंडीराम, खांबापाशी त्याचा जोडीदार अंबादास. तीन फ्यूज काढायचे होते. वरातीचा गोंगाट, लोकांची घाई, 'लवकर करा, लवकर करा!' धोंडीरामनं दोन काढले. तिसरा काढलाच, असं त्याला वाटलं. मंडळी, किती संसार या 'वाटलं'पायी मोडलेत! तो ओरडला, "बंद आहे रे, चढ!" अंबादास चढला. जोडीदाराच्या शब्दावर चढला! आणि पुढच्या क्षणी विजेचा झटका खाऊन खाली आला. जीव वाचला. डावा हात कोपरापासून गेला.

चौकशी झाली. साहेबानं विचारलं, "तू सांगितलंस चढायला?" धोंडीरामच्या डोळ्यांपुढं पाळण्यातली लेक आली, नोकरी आली. तोंडातून निघालं, "नाही साहेब. न विचारता चढला." अंबादास जीव तोडून सांगत होता, पण ऐकतो कोण? सही झाली. विषय मिटला.

मिटला? कागदावर मिटला! धोंडीराम त्यानंतर बावीस वर्षं अंबादासच्या गावावरून गेला नाही. आठ किलोमीटरवर गाव — हा माणूस वीस किलोमीटरचा वळसा घालायचा! विसरला म्हणता? विसरलेल्याला वळसा घालावा लागत नाही, मंडळी!

तर त्या तिसऱ्या बैठकीनंतर, सोमवारी सकाळी, धोंडीरामनं पुस्तक पिशवीत घातलं आणि सरळ रस्ता धरला.

अंबादासनं रोपवाटिका टाकली होती. एका हातानं पिशव्यांत माती भरत बसला होता. शेजारी बायको, कलावती, रोपांना पाणी घालत होती. धोंडीराम कुंपणापाशी उभा राहिला. पाय पुढं जाईनात. एकतीस वर्षं खांबावर न डगमगलेले पाय!

अंबादासनं वर बघितलं. ओळखलं. "धोंडीराम?"

"होय. बसू का?"

"बस."

बसला. आणि एका दमात बोलला, "अंबादास, मीच म्हणालो होतो, चढ. तिसरा फ्यूज माझ्या हातून राहिला. आणि चौकशीत मी खोटं बोललो."

कलावतीच्या हातातली झारी तशीच राहिली, पाणी एकाच रोपावर पडत राहिलं. अंबादास धोंडीरामकडं बघेचना, बायकोकडं बघत होता. हळूच म्हणाला, "ऐकलंस?"

काय झालं होतं, माहीत आहे? ही माउली बावीस वर्षं नवऱ्याला म्हणत आली होती, "तुमच्या उतावळेपणानं हात घालवलात!" तो सांगायचा, "अगं, त्यानं सांगितलं म्हणून चढलो." पण सरकारी कागद एक सांगतो आणि नवरा एक सांगतो! तिनं कागदावर विश्वास ठेवला. चौकशीत हरलेला माणूस स्वतःच्या घरातही हरला होता. हात एकदाच गेला हो, पण हा टोमणा रोजच्या ताटावर!

कलावतीनं झारी खाली ठेवली. नवऱ्यासमोर खाली बसली. "अहो... मी कधीच..." मग धोंडीरामकडं वळली, डोळ्यांत जाळ! "उठा! आमच्या दारात बसू नका!"

"बसू दे त्याला," अंबादास म्हणाला. "धोंडीराम, माफ केलं का, ते मला आज सांगता यायचं नाही. बावीस वर्षं आहेत, एका सकाळी कशी संपतील? पण आलास. इतक्या वर्षांनी कसा आलास, ते तर सांग."

धोंडीरामनं पिशवीतून पुस्तक काढलं. सगळं सांगितलं.

"मग पुढं काय झालं त्या नर्सबाईचं?"

"ठाऊक नाही. तुझ्याकडं आल्याशिवाय पान उलटेना."

"मग आता उलट की! मोठ्यानं वाच."

आणि मंडळी, त्या रोपांच्या ओळींमध्ये बसून धोंडीराम वाचू लागला. अडखळत, बोट ठेवत. नर्सबाईंनी म्हातारपणी त्या मुलीचा शोध घेतला. गाव सापडलं, घर सापडलं. पण मुलगी वर्षापूर्वीच वारली होती. बाई तिच्या अंगणात उभ्या राहिल्या आणि तशाच परत आल्या.

वाचता वाचता धोंडीराम थांबला. अंबादासनं पुस्तक घेतलं, मांडीवर ठेवलं, उरलेलं पान त्यानं वाचलं. तेवढ्यात कलावती आतून आली आणि धोंडीरामपुढं तांब्या ठेवला. चहा नव्हे हो, पाणी. पण ते काय थोडं झालं?

चौथ्या बैठकीचा रविवार उजाडला. धोंडीराम उभा राहिला. सगळ्यांना वाटलं, चौऱ्याऐंशी! त्यानं सगळं सांगितलं. डीपी, फ्यूज, खोटा जबाब, काहीही न लपवता. शेवटी म्हणाला, "बाईंना पोचायला उशीर झाला. मला त्यांनी वेळेत पोचवलं. पुस्तक चांगलंय. सगळ्यांनी वाचा." आणि बसला.

निकाळजे गुरुजींची पाळी होती. ते उठले. कागदाची घडी घातली, खिशात ठेवली. "खराडे, त्या दिवशी मी हसलो, माझं चुकलं. या महिन्यात मी पाच पुस्तकं वाचली, पण एकानंही मला उंबरठा ओलांडायला लावलं नाही. आज मी बोलणार नाही." आणि शकुंतलाबाई? त्यांनी डोळे पुसले, उठल्या, धोंडीरामच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं — "द्या इकडं! आधी माझा नंबर!"

धन्य तो वाचक! शंभर पुस्तकं वाचणाऱ्याला मी नमस्कार करीन, पण एका वाक्यापाशी तीन महिने थांबलेल्या या लाइनमनच्या पायांवर डोकं ठेवीन!

आता तुमच्याकडं वळतो. पारायणं करता ना? किती झाली, सांगता ना? पण वाचताना एखादी ओळ येते, जिथं डोळे अडखळतात, आणि आपण झटकन पुढं सरकतो. का सरकतो? मी कीर्तन करतो, मीही सरकतो, हे आज तुमच्यासमोर कबूल करतो! वाचन खरं तिथं सुरू होतं, मंडळी, जिथं पुढं जाववत नाही.

आणि मी बोलत असताना, आत्ता, तुमच्या मनात एक नाव आलं. आलंय ना? मान खाली घालू नका. ते माणूस अजून आहे. म्हणून देवाचं नाव घ्या, आणि त्या दमातच ते नाव घ्या. ज्याला त्या माणसाकडं आत्ताच निघायचंय, त्यानं आरतीसाठी थांबू नये. देव काही म्हणायचा नाही.