काचेतला वीर

नाही, नाही, त्या कपाटाकडं शेवटी जाऊ, साहेब — तिथं फारसं काही नाही, काच धुरकट झालीय, किल्लीही अडकते — आधी इकडं या, ऊन खिडकीत आहे तोवर हे बघून घ्या. ही तलवार. चिठ्ठीवर रावसाहेबांनी लिहिलंय, दर्यावरच्या लढाईत गाजलेली. खरं सांगू? हिनं त्यांच्या आजोबांनी जन्मभर शहाळी फोडली, म्हातारा माळी अजून सांगतो. लिहू नका ते — बरं, लिहा, मला काय! हा तोफेचा गोळा. ही घंटा फिरंग्यांच्या देवळातली, जीभ नसलेली. आणि ही तसबीर खुद्द रावसाहेबांची, मामलेदारीतून पेन्शनीत निघाल्यावर काढवून घेतलेली — इथं सगळ्यांत मोठी तसबीर कुणाची, तर ज्यानं हे बांधलं त्याची. तुम्ही पुण्याचं म्युझियम बघितलंत, साताऱ्याचं बघितलंत, तिकडंही असंच असतं का हो? असणारच. म्हातारी माणसं वस्तू जमवतात ती आपलं नाव खाली लिहायला.

हिवाळ्यातच उघडं असतं हे. दिवाळीला कुलूप काढायचं, शिमग्याला लावायचं. पावसाळ्यात सगळं मेणकापडाखाली, नाहीतर खाऱ्या हवेनं चार महिन्यांत लोखंडाची माती होते. नाताळात मुंबईची मंडळी येतात — रेवसला लाँचमधून उतरायचं, खटाऱ्यातून अलिबागला यायचं, सुरूच्या बनात जेवायचं, आणि ऊन चढलं की सावली म्हणून इथं शिरायचं. बायका शंख कानाला लावतात, पोरं पेंढा भरलेल्या मगरीच्या तोंडात हात घालतात. वही घेऊन आलेले तुम्ही पहिलेच. रावसाहेब सकाळी मला म्हणाले, "मुंबईच्या मोठ्या म्युझियमचे साहेब येतायत, तिकडं ठेवायला बोट दाखवतील ते निमूट बांधून दे." निमूट! माझ्याशी बोलताना त्यांना हा शब्द फार आवडतो.

मग ही घंटा न्या ना. का नको? फिरंगी आहे, जड आहे, मुंबईला शोभेल. मगर न्या. तसबीर न्या, उपकार होतील. — बघू तुमचा कागद? एक्केचाळीस नंबरावर खूण केलीत? न बघताच? यादीत वाचून. "चांदीचा टाक, अश्वारूढ, कोळी लोकांची कोणी देवता, अंदाजे दोनशे वर्षांपूर्वीचा." साहेब, तो टाक दोनशे वर्षांचा नाही, दोन वर्षांचा आहे. हसू नका. पेझारीच्या सोनारानं केलाय, मी सोनाराचं नाव सांगतो. खोडा ती खूण. — दोनशे वर्षं लिहिलंय ते रावसाहेबांनी, आणि त्यांना ते सांगितलं धर्माजीनं, माझ्या चुलत्यानं. एक म्हातारा थाप मारतो, दुसरा म्हातारा ती सुंदर अक्षरात लिहून काढतो, आणि आमच्यासारख्यांनी त्यावरची धूळ पुसायची.

चला, दाखवतो. बघाच एकदा म्हणजे मनातून जाईल. — ही बघा. अडकते म्हटलं ना. घ्या हातात. आमच्यात कुणी तरणा, बिनलग्नाचा, अवचित गेला, म्हणजे बुडूनबिडून, तर तो भटकतो. दारात येतो, जाळ्यात शिरतो, भावंडांच्या पोरांना आजारी पाडतो. मग त्याला वीर करून देव्हाऱ्यात बसवतात. चांदीच्या पत्र्यावर त्याची मूर्त ठोकून घ्यायची, गावच्या पंचानं पाण्याकडं तोंड करून त्याचं नाव तीनदा पुकारायचं, बोकड पडायचा, आणि त्या दिवसापासून तो घरात. सुखात. सगळे वीर घोड्यावरच असतात. ज्याला बसवलंय तो जन्मात घोड्याजवळ गेलेला नसला तरी. हा कोण? असेल कुणीतरी. थळच्या बाजूचा एक पोर, होडी उलटली, गेला. तुमच्या काय उपयोगाचा?

भिंग कशाला काढलंत? — हो, आहे तिथं खाच. डाव्या भुवईवर. आईनं सोनाराकडं बसून मुद्दाम घालायला लावली, नाहीतर सगळे वीर सारखेच दिसतात, ओळखायचा कसा? सोनार कुरकुरला म्हणतात, नखाएवढ्या तोंडावर भुवई कुठं दाखवू. ती उठेना. — काय बघताय माझ्याकडं? लहानपणी वल्हं लागलं होतं. — साहेब, असं कुणाच्या तोंडाकडं बघत राहू नये.

हो. मीच. शिवदास. टाक माझा आहे. बसा त्या बाकावर, असे पांढरे पडू नका, हात लावून बघा हवं तर — थंड लागतो, पण हिवाळा आहे.

चूक कशी झाली? चूक म्हाताऱ्यांची. आमच्याकडं म्हातारे माणूस मोजत नाहीत, पाळी मोजतात. चुलत्याची होडी, बाप लहानपणीच वारला, म्हणून आम्ही दोघं भाऊ — मी आणि नामा, माझ्याहून दीड वर्षानं धाकटा — आळीपाळीनं त्या होडीवर. मी इंग्रजी पाचवीपर्यंत शिकलो, मग सोडली. शाळा मी सोडली, शाळेनं मला नाही, हे लक्षात ठेवा. चित्रकलेचे मास्तर मुंबईच्या त्या घुमटाच्या म्युझियमचं असं वर्णन करायचे, की दगडाच्या बायका श्वास घेतायत — नंतर कळलं, मास्तरांनी ते बाहेरूनसुद्धा पाहिलेलं नव्हतं. पण डोक्यात बसलं. त्या वर्षी मार्गशीर्षात म्हटलं, जायचंच. पाळी होती माझी. चुलत्याला सांगितलं असतं तर त्यानं वल्ह्यानं बडवलं असतं. त्याच्या लेखी माशाला खवलं असतात तेवढीच कलाकुसर पुरे. तेव्हा नामाला म्हटलं, एक दिवस माझ्या जागी जा, कुणाला बोलू नको, तुला तोंडाचा बाजा आणतो. माझं कांबळं त्याला दिलं, डोक्यावरून घ्यायला. पहाटेच्या धुक्यात कोण कुणाला बघतो? दोन गडी आणि माझं कांबळं होडीत बसलं, एवढंच काठावरच्यांनी पाहिलं.

दुपारी वारा फिरला. तिघांतलं कुणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी कांबळं लागलं किनाऱ्याला — त्याच्या कोपऱ्याला आईनं निळं ठिगळ लावलेलं. झालं! पाळी शिवदासची, कांबळं शिवदासचं, मग मेला कोण? आणि नामा दिसत नाही तो? तो भ्याला, भावाचं ऐकून मुंबईला पळाला. कोंडाजी पंच म्हणाला म्हणे, "पोर कच्च्या मनाचा हाय, येईल माघारी." एकानंही विचारलं नाही, होडीत चढताना तोंड कुणी पाहिलं? अकलेचे कांदे, पन्नास पन्नास पावसाळे काढलेले! माघात टाक बसवला. माझं नाव पाण्याकडं तोंड करून तीनदा पुकारलं. आणि मी तिकडं, मला काय माहीत, मला शिमग्याच्या आधी पत्ताच नव्हता —

म्युझियम? हो, बघितलं ना! तीन मजले. दोन दिवस बघितलं. एका दगडी बाईसमोर इतका वेळ उभा राहिलो की पहारेकऱ्यानं हटकलं. तिच्या पोटाला घडी होती, साहेब, आमच्या आईच्या पोटाला आहे तशी, नि एवढ्या मोठ्या घुमटाखाली ती उभी. तिथंच ठरवलं, आता होडीवर जायचं नाही, चुलत्याला तोंडावर सांगायचं. मग बाजा घेतला, भाऊच्या धक्क्यावर आलो, तर तिथं रेवदंड्याचे दोन मचवेवाले बोलत होते — धर्माजीची होडी गेली, पुतण्या गेला, शिवदास.

काय? — हो. मार्गशीर्षातच. शिमग्यात म्हणालो का मी? शिमग्यात परत आलो, असं म्हणायचं होतं.

बरं. ऐकलं होतं. धक्क्यावर, त्याच आठवड्यात. ऐकलं, आणि लाँचचा भोंगा वाजला, आणि मी चढलो नाही. पुरे? आता लिहा ते वहीत. तीन महिने मी तिथं टोपल्या वाहिल्या. रोज उठून ठरवायचो, आज जातो, सांगतो. कुणाला काय सांगायचं? मी जिवंत आहे, हे सांगायला गेलो की दुसरा मेलाय हे आपोआप सांगितलं जातं, ते तोडून सांगता येत नाही. आणि खरं सांगू का — आता सांगतोच आहे तर — बरंही वाटायचं. मेलेल्याची पाळी नसते. मेलेल्याला चुलता बडवत नाही. रविवारी जाऊन त्या दगडी बाईला बघून यायचो. धाकटा भाऊ पाण्यात, आणि मी चित्रं बघतोय.

शिमग्यात गेलो. पोरं होळीची लाकडं ओढत होती, मला बघून टाकून पळाली. चुलतीनं भिंतीला पाठ लावली. आई चुलीशी होती, तिनं वर बघितलं. तुम्हाला वाटेल, मेलेला पोरगा दारात बघून ती धावली असेल. ती उठली, माझ्याजवळून पुढं गेली, आणि माझ्या मागं बघायला लागली. अंगणात. मग रस्त्यावर. मग परत येऊन माझ्याकडं बघितलं, आणि तिला हिशेब लागला. आत जाऊन पाट घेतला, त्यावर बसली, आणि चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

मी कोंडाजीच्या पाया पडलो. ह्या माणसाच्या पाया! म्हटलं, माझा टाक उतरवा, नामाचा बसवा, तो भटकत असेल. तर हा दात कोरत म्हणतो, "एकदा पुकारलं ते पुकारलं, पोरा. दर्या काय चार येळा ऐकून घ्यायला बसलाय?" आणि चुलता म्हणतो, "म्येलेल्याला होडीत वाटा न्हाय." म्हणजे चूक यांची, बोकड यांनी खाल्ला, आणि मेलेलं राहायचं मी! बरं, जित्या माणसाचा टाक देव्हाऱ्यात ठेवला तर घर बुडतं, तो दर्यात सोडायला हवा. तेवढं तरी करावं? चुलत्यानं तो परस्पर रावसाहेबांना आणून दिला, दोनशे वर्षांचा म्हणून, आणि बदल्यात भिंतीवरचं घड्याळ नेलं. आमच्या आळीत पहिलं घड्याळ. टोले देतं. मी इथं येऊन रावसाहेबांना म्हटलं, पहारेकरी हवा का? त्यांना ठाऊक नाही मी कोण ते. त्यांना फक्त "हो जी" ऐकू येतं.

मी दुपारी, कुणी नसलं की, टाक बाहेर काढून नामाचं नाव पुकारायचो. तीनदा. दहादा. मी पंच नाही, पण घसा तर आहे? एकदा बाजा वाजवून बघितला. काही नाही, साहेब. काचेवर वाफ येते सकाळची, ती सगळ्याच कपाटांवर येते. तो त्या पत्र्यात यायचा कसा, भुवई माझी आहे.

मग राहू द्या म्हणतो ते कशाला? — तुम्ही फार विचारता. — घरी घेऊन जा, म्हणता? तुम्ही खूण खोडाल, रावसाहेबांशी बोलाल? मोठ्या मनाचे आहात. पण घरी कुठं? हाकेच्या अंतरावर आहे, आणि दोन वर्षांत मी उंबरा चढलेलो नाही. चढून काय करू? तिचं ठरलंय. शिवदास गेला, त्याचा टाक झाला. नामा मुंबईला आहे, येईल. जेवताना त्याचं ताट घेते म्हणतात. एक पोर तरी जिवंत राखायचं तर दोघांतला कुठला, हे तिनं त्या पाटावर बसून ठरवलं, आणि मला निवडलं नाही. तिला कुणी वेडी म्हणालं तर मी त्याचे दात पाडीन. सगळ्या गावात ती एकटी शहाणी आहे.

पण ती येते. इथं. दर शनिवारी, मासळी विकून, टोपली बाहेर फाटकाशी ठेवून. दिवाळी ते शिमगा. शिमग्यानंतर हे बंद असतं, तेव्हा मी तिला सात सात महिने बघत नाही. ह्या कपाटापुढं उभी राहते. काचेला हात जोडते. "शिवा," म्हणते, "थंडी पडलीय रे." तिच्या हाताच्या अंतरावर मी उभा असतो, फडकं घेऊन. मला म्हणते, "भाऊ, जरा काच पुसा ना, माझा पोर दिसत न्हाय." मी पुसतो.

आता कळलं? नामासाठी नाही हो. नामाचं नाव घेऊन इतका वेळ बोललो, पण नामासाठी नाही. हा टाक मुंबईला गेला तर तिला इथं यायचं कारण काय? माझ्यासाठी ती येणार आहे का? — कागद ठेवा खिशात. पेन्सिलही. आज वार कुठला? शनिवार? मग मघापासून सांगत का नाही — द्या तो इकडं, लवकर, हा असा उभा ठेवायचा असतो, तोंड दाराकडं. ती बघा, टोपली ठेवली तिनं. साहेब, तुम्ही त्या खिडकीशी जा, तलवार बघा. तिच्याशी बोलू नका, आणि माझं नाव घेऊन हाक मारू नका.

या बाई, या. उघडंच आहे.